दोन खोके ओले

आमच्या यांनी अजून समुद्र पाह्यला नाही. लग्नाले सव्वीस वर्ष झाले, दरवर्षी म्हणतात, "औंदा जाऊ." पण जहाजाच्या कायद्याचं विचारा! वरणभात कालवता कालवता हेगचे नियम सुरू. शंभर वर्षांपूर्वी म्हणे तिकडे युरोपात देशोदेशीचे लोक बसले अन् जहाजवाल्यानं मालाची काळजी कशी घ्यायची ते ठरवलं. मी म्हणते, "काहो, भाजीत मीठ किती, ते बी ठरवलं का त्यांनी?"

प्रेमानंद यांचं नाव. जहाज कंपनीच्या इथल्या एजंटाकडे नोकरी. प्रताप नगरातून स्कूटरनं जहाजाचा माल जमा होते त्या डेपोत जायचं, माल पाहायचा अन् बीएल लिहायचं. बीएल म्हणजे माल मिळाल्याची पावती. परदेशातल्या गिऱ्हाइकानं माल पाह्यलेला नसते, तो त्याच कागदावर भरोसा ठेवते. म्हणून नियम असा, की माल बाहेरून जसा दिसला तसाच लिहायचा.

गेल्या मे महिन्यात आमच्या कन्हानच्या बायांच्या गटाचा पहिला माल जर्मनीले निघाला. कापडी झोळ्या, चाळीस खोके. गिऱ्हाइकाची अट एकच, त्याच हप्त्याचं जहाज अन् बीएल साफ, कुठलाच शेरा नको. नाही तर ऑर्डर रद्द.

अन् मी शहाणीनं काय करावं? पारा पंचेचाळीसवर, म्हणून टेम्पोत खोक्यांवरच पाण्याची कॅन ठेवली. कामठीत ब्रेक लागला अन् कॅन आडवी.

डेपोत यांनी पेन काढलं. "दोन खोके ओले."

"काहून जी? घंटाभर उन्हात ठेवा, वाळून जातील!"

"वरून वाळतील वं. आत बुरशी धरन."

त्यांचे साहेब, सौरव, मधात पडले. "वहिनी, हमीपत्र द्या, पुढं काही झालं तर जबाबदारी तुमची. मी साफ बीएल देतो. धंद्यात चालते."

यांनी कागद साहेबांकडे सरकवला. "तुम्ही करा साहेब. मी सकाळी पंचशील म्हणून आलो. खोटं बोलणार नाही म्हटलं, लिहीन कसा?" मग माझ्याकडे पाहून, "तू बी बाजूलेच बसली होती."

असा राग आला, काय सांगू! घरचाच माणूस आडवा! शेवटी गिऱ्हाइकाले फोन केला. अडतीस चालतील म्हणाला. दोन उतरवले अन् बाकीचे साफ गेले.

पण ते दोन आमच्या गटातल्या मीराबाईचे निघाले. सत्तरीची बाई, दोन महिने पायमशीन चालवली. आपलं काम समुद्रापार चाललं म्हणून अख्ख्या मोहल्ल्याले सांगून आली होती. आता तिले सांगायचं कोणी?

"मी सांगतो," हे म्हणाले. स्कूटरले खोके बांधून आम्ही कन्हानले गेलो.

"मावशी, शेरा मी लिहिला," यांनी सांगितलं. मीराबाईनं एक झोळी बाहेर काढली, नाकाले लावली. कोंदट वास येत होता. डोळे भरले तिचे. "लिहिलं ते बरोबरच. पण पाणी कोणी सांडवलं रे?"

हे दुसऱ्या खोक्याची दोरी सोडू लागले. माझ्याकडे पाह्यलंसुद्धा नाही. माझं नाव घेतलं नाही, त्याचीच मले लाज वाटली.

"मी, मावशी. कॅन मीच ठेवली."

"मंग त्याच्यावर काहून फुगून राहिली वं? धू आता, सगळ्या!"

साठ झोळ्या धुतल्या मी, तिच्या अंगणात. हे दोरीवर वाळत घालत होते. मीराबाई एकेक झोळी चाचपून, इस्त्री करून नव्या खोक्यात भरत होती.

दहा दिवसांनी दुसरं जहाज होतं, दोन खोके त्यानं आले तरी चालतील असं गिऱ्हाइकानं कळवलं. मीराबाई स्वतः डेपोत आली अन् खोक्यांजवळ उभी राहिली. यांनी चारी बाजूंनी खोके पाह्यले, वाकून खालूनही पाह्यले, अन् लिहून तिले वाचून दाखवलं: "दोन खोके. शेरा काही नाही."

"अजून एकडाव वाच," मीराबाई म्हणाली.

यांनी पुन्हा वाचलं. मले यांचा लय अभिमान वाटला. सांगितला नाही, डोक्यावर बसतील.