उलटी चालणारी बाई

मी परीक्षक होतो. हसू नका. अड्याळहून रोज एसटीनं भंडाऱ्याला जाणारा कारकून वेबकॉमिकचा परीक्षक असू शकत नाही, असं कुठं लिहिलंय? वेबकॉमिक म्हणजे फोनवर वाचायची चित्रकथा. जाता-येता मी तीच वाचायचो आणि रविवारी माझ्या ब्लॉगवर परीक्षण ठोकून द्यायचो. बाकीचे लोक तारे देतात, मी आलूबोंडे द्यायचो. पाच आलूबोंडे म्हणजे थोर कलाकृती, अर्धा म्हणजे शिळा माल. वाचक अकरा. त्यातला एक मीच, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून.

पण प्रेम खरं होतं, बरं का. छापील पानावर पुढची चौकट डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसते, सगळा विचका होतो. फोनवर चित्रकार खाली वाटेल तेवढी कोरी जागा सोडू शकतो, आणि वाचकाचा अंगठा बिचारा सरकवत बसतो. ट्यूबलाइटवरच्या एका पालीची कॉमिक होती. पाल किड्यावर झेप घेते, आणि मग नुसतं पांढरं, पांढरं, पांढरं. सरकवता सरकवता माझा स्टॉप मागे गेला. शेवटी काय, तर किडा आरामात पालीच्या शेपटीवर बसलेला! पाच आलूबोंडे दिले, वरून तर्री.

अशात एक नवी कॉमिक सापडली. चित्रकाराचं नाव नाही, फक्त ‘दिघोरी’ असं गाव लिहिलेलं. एक शब्द नाही, नुसती चित्रं. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकलेली एक बाई, दर शुक्रवारी एक लांबच लांब भाग. मायला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तिला दाखवली आणि फसलो. दर शुक्रवारी जेवण झालं की ती माझ्या शेजारी येऊन बसायची. “दाखव ना रे माही बाई.” तिचा अंगठा इतका खरखरीत की फोन ऐकायचाच नाही. मग अंगठा माझा आणि हुकूम तिचा. “हळू सरकव! काय गाडी सुटून राहिली का तुही?” गुडघे गेल्यापासून चिखलात धानाची रोपं लावायची तिची रोवणी बंद झाली होती. पावसाळा आला की खाटेवर बसून कोणाशी बोलायची नाही. पण शुक्रवार आला की माय सकाळपासून खूश.

हे सगळं डोळ्यांसमोर असून मी त्या कॉमिकचं परीक्षण लिहिलं. अर्धा आलूबोंडा. ‘चित्रकाराला दिशेचं भान नाही. नायिका पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत उलटी चालते. कथा पुढे जात नाही, कारण नायिकाच पुढे जात नाही.’ हे शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी एसटीत एकटाच खो-खो हसलो. कंडक्टरनं जागा बदलली.

पुढच्या शुक्रवारी भाग आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फक्त एक रिकामी बांधी आणि खाली पहिल्यांदाच अक्षरं: ‘बाई घरी गेली. तिले दिशेचं भान नाही.’

“काय लिवलं?” मायनं विचारलं. मी वाचून दाखवलं. “काहून गेली घरी?” तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण शेखी मिरवायची सवय! मी परीक्षणही वाचून दाखवलं, ते शेवटचं वाक्य तर दोनदा.

माय उठली. स्वयंपाकघरातून मेथीची जुडी घेऊन आली, गुडघे धरून कण्हली आणि टीव्हीसमोर वाकली. “पाह्य!” एकेक काडी फरशीवर ठेवत ती मागे सरकू लागली. टीव्हीपासून खाटेपर्यंत, खाटेपासून दारापर्यंत. “रोवणी का सामने चालून करते कोनी? लावलेलं धान तुडवत जाईन का ते बाई? अकलेच्या कांद्या!” एवढं म्हणेपर्यंत तिची पाठ फ्रिजवर आदळली आणि वरचा कुकर धाडकन खाली आला. “तू आंगठा सरकवते तशी ते मांगं येते. लावलेलं वरतं रायते. काढनाऱ्यानं तुह्या फोनची बांधी केली, अन तू त्याले येडा म्हनते!”

बाप्पा! ब्लॉग चालवणाऱ्या माणसाला हे कळू नये? अंगठ्यानं सरकवायचं चित्र आणि मागे मागे जायची रोवणी, इतकी चपखल सांगड मी आजवर कुठल्याच कॉमिकमध्ये पाहिली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुले तरी कसं कळन,” माय मेथी गोळा करत म्हणाली. “तुले चिखल लागू नये म्हून धुऱ्यावर, बांधीच्या कडेले, पुस्तक देऊन बसवत होतो मी.”

मी चित्रकाराला निरोप पाठवला. ‘चूक माझी आहे. बाईला परत पाठवा. माझी माय जेवत नाही.’ (मायनं नुकत्याच चार भाकरी हाणल्या होत्या.) उत्तर आलं: ‘एक ओळ रोवून दाखवा. मंग पाठवतो.’

रविवारी मायला घेऊन दिघोरी गाठलं. चित्रकार म्हणजे कॉलेजात शिकणारी एक पोरगी. सुट्टीत रोवणीला जायची आणि फुटक्या काचेच्या फोनवर बोटानं चित्रं काढायची. ती तिच्या बांधीत उभीच होती. “या, परीक्षक,” म्हणाली आणि रोपांची पेंढी माझ्याकडे फेकली. मला ती झेलताही आली नाही.

शर्ट काढून, पँट दुमडून उतरलो. वाकलो. एक रोप लावलं, ते आडवं झालं. दुसरं लावलं, ते तरंगत निघून गेलं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मागे पाऊल टाकलं, पाय चिखलात रुतला आणि मी जो फतकल मारून बसलो, तो कमरेपर्यंत. “दिशेचं भान ठेवा!” पोरगी ओरडली. माय धुऱ्यावर माझा फोन मांडीवर घेऊन बसली होती, हसून हसून तिला ठसका लागला. तरी ओळ पुरी केली. दीड तास लागला. पोरीनं नंतर ती ओळ उपटून पुन्हा लावली म्हणे.

शुक्रवारी भाग आला. बनियनवरचा एक ढेरपोट्या चिखलात बसलेला, डोक्यावर बेडूक. बेडूक नव्हता, मी शपथेवर सांगतो, पण मायला तोच सगळ्यात आवडला. मी सरकवत गेलो, माय डोळे पुसत हसत होती. अगदी खालच्या चौकटीत ढेरपोट्या पाठमोरा, वाकलेला, मागे मागे येतोय. आणि तो येतोय तिकडे धुऱ्यावर एक म्हातारी बसलेली. मांडीवर फोन पडलेला आणि नजर त्याच्या पाठीवर.

पुन्हा वर सरकवायला मी अंगठा उचलला.

“थांब. नको सरकवू,” माय म्हणाली. तिचं हसू थांबलं होतं. तिनं ती चौकट कितीतरी वेळ पाहिली.

“मी अशीच येत होतो तुह्याकडे,” ती म्हणाली. “तू पुस्तकातून मान वर करत नव्हता.”

त्या रविवारी मी परीक्षण लिहिलं नाही.