व्होडका गुडघ्यात गेली तेव्हा

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं असेल. आम्ही सातारा रोड स्टेशनावरून सांगलीला निघालो, तेव्हा माझ्या पायात करकर वाजणारे नवे सँडल होते आणि मांडीवर झाकणाची टोपली. टोपलीत वर कंदी पेढे, मध्ये लुगडं आणि तळाला दोन बाटल्या. एक जिनची, साताऱ्याच्या कॅम्पातून आणलेली. दुसरी व्होडकाची, आमच्या ह्यांनी इराणातून आणलेली. तिथं ते पलटणीच्या मेसमध्ये हवालदार होते आणि रशियन लोक शेजारी होते.

सांगलीला एक निवृत्त मेजरसाहेब पाहुण्यांसाठी बंगला उघडणार होते. त्यांना व्यवस्थापक हवा होता. परीक्षा एकच : मार्टिनी नावाची साहेबी मिसळ-दारू करून दाखवायची. जमलं तर बंगल्यामागच्या दोन खोल्या आमच्या. नाहीतर इराणातल्या आबादानच्या तेल कारखान्यात नोकरी तयार होती. तिथं बायकोला नेता येत नव्हतं. लग्नानंतर हे मला जेमतेम दोन महिने दिसले होते, त्यामुळे ‘आबादान’ हे नावही मला नको वाटायचं.

“मार्टिनीत जिन कुणीही घालतं,” हे फलाटावर म्हणाले. “मी साहेबांना व्होडकाची, रशियन पाजीन म्हणून कळवलंय.”

“जिनच बरी,” मी ठणकावलं. का, तर तिच्या बाटलीवरचं चित्र सुरेख होतं! दोन्हींतलं काही चाखलेलं नाही, पण इंग्रजीची चार बुकं झालेली. मग काय विचारता!

जकातीचे शिपाई बायकांच्या टोपल्या उचकत नाहीत, म्हणून टोपलीसकट माझी रवानगी बायकांच्या डब्यात झाली. रहिमतपूरला एक आजी गुडघा धरून चढल्या आणि माझ्यासमोर बसल्या. शेंगांची चटणी-भाकरी काढायला मी टोपली उघडली, तशी त्यांची मान लांब झाली.

“काय गं पोरी, बाटलीत काय हाय?”

“औषध आहे, आजी.”

“कशावरचं?”

मी शहाणीनं त्यांच्या गुडघ्याकडे बघून सांगितलं, “सांधेदुखीवरचं.”

“मग दे की गं वाईच! किती येळ बगत बसलीयास?”

जिन काढावी तर वासानं डबा दणाणला असता. व्होडकाला वास असा नव्हताच. ओतली ओंजळीत. आजींनी चोळली, डोळे मिटले. “आगाई गं! लय गार वाटतंया!” मग एकीचं कोपर आलं, एकीची टाच, एकीची कंबर. खिडकीबाहेर उसाचे मळे पळत होते आणि आत आमचा रशिया संपत होता. कराडला आजी लेकीकडे जायला उतरल्या. तोवर बाटलीत घोटभर उरली होती.

मिरजेला गाडी बदलली, तरी ह्यांना सांगायचा धीर होईना. सांगलीला टांग्यात बसलो. पुढं हळदीच्या गाड्यांची रांग, सगळा रस्ता पिवळा. ह्यांनी भडंगाचा (तिखट, लसूण घातलेल्या चुरमुऱ्यांचा) पुडा घेतला. मी तो तसाच टोपलीत टाकला.

बंगल्याच्या स्वयंपाकघरात ह्यांनी बाटली उजेडात धरली. “अगं, हे कुठं गेलं?”

“रहिमतपूरच्या आजींच्या गुडघ्यात.”

ह्यांनी बाटली खाली ठेवली. जिन घेतली, साहेबांच्या कपाटात तेवढीच उरलेली व्हर्मुथ (वनस्पती घातलेली द्राक्षांची दारू) तिच्यात घातली, भुशातला बर्फ धुऊन त्यावर ढवळली. ऑलिव्ह नावाचं खारवलेलं फळ लागतं म्हणे. ते कुठलं मिळायला? सासूबाईंनी भाकरीसोबत बांधून दिलेल्या बरणीतलं मिठातलं हिरवं करवंद मी पुढं केलं.

मेजरसाहेबांनी घोट घेतला, करवंद चावलं. “जिन आहे. रशियन कुठाय?”

दाराआडून मीच ओरडले, “साहेब, ती गाडीतल्या बायकांच्या सांध्यांना चोळली!” आणि सगळं सांगून टाकलं.

मेजरसाहेब इतके हसले की पेला खाली ठेवावा लागला. मग ह्यांना म्हणाले, “गड्या, आधीच्या नोकरानं माझं कपाट पिऊन रिकामं केलं. तुझ्या बायकोनं बाटली संपवली, पण थेंब कुणाच्या पोटात गेला नाही. कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडं दे. आणि ते आंबट फळ आणखी आहे का?”

सामान आणायला आम्ही साताऱ्याला परत निघालो, तेव्हा किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. कराडला त्याच आजी डब्यात चढल्या, या खेपेला गुडघा न धरता.

“लय गुण आला बग! हाय का गं उरलेलं?”

टोपलीतल्या बाटलीत उरलेला घोट मी त्यांच्या ओंजळीत रिकामा केला. त्या रात्री ह्यांनी आबादानला नकार कळवला.

हल्ली नातू मार्टिनीचं सामान मांडून बसतो आणि मित्रांशी हुज्जत घालतो, जिन की व्होडका? शेवटी माझ्याकडे येतो, कारण घरातली जाणकार मीच. मी सांगते, पेल्यात जिन घाल, करवंद विसरू नकोस. आणि व्होडका इकडं आण, माझा गुडघा कालपासून ठणकतोय.