माळावरच्या कासवाचे मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका उतावळा माणूस अख्ख्या बेंगळुरूत सापडायचा नाही, आणि या शहरात सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवणारे काय कमी आहेत! पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना होता; तिथली मशिनंसुद्धा म्हणे त्यांच्या धाकाने जोरात फिरायची. चहा निवेपर्यंत धीर नाही, म्हणून मामा त्यात गार पाणी ओतून पितात. लग्नात सप्तपदीसुद्धा यांनी पळवली, असं मामी अजून सांगतात. असा माणूस जीव टाकतो कुणावर, तर कासवावर! तेही माळावरच्या, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेल्या. "वाळल्या गवतात बसलं की समोर असून दिसत न्हाई बघ," असं सांगता सांगता मामा स्वतःच त्या गवतात हरवून जातात.

परवाच्या रविवारी दोघं आनेकलहून सर्जापूर रोडला आमच्याकडे आले होते. एवढ्यात समोरच्या वहिनी हसतमुखाने आल्या. "सुटलो बाई! यांच्या मित्राने भरभराटीसाठी चांदण्यांचं कासव दिलं होतं. घरात ठेवणं गुन्हा आहे म्हणे. हे आत्ताच तळ्यात सोडायला गेलेत."

मामांची कपबशी आदळली. "तळ्यात? अक्का, ते बुडतंय! त्याला पोहता येत न्हाई!"

वहिनींनी नवऱ्याला फोन लावला, तर तो त्यांच्याच घरात वाजला.

मी स्कूटर काढली. रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. मागे मामांचं सुरूच होतं: त्याचे पाय हत्तीगत, बोटांना पडदे नाहीत, ते गवत खातं, निवडुंगाची बोंडं खातं, पावसाळ्यात माळावर हिंडतं. "आमच्या गावाकडं लई होती. धरून धरून विकली मेल्यांनी. उरल्या माळावर प्लॉट पडले." गप्प बसा हो, असं मी ओरडणार होते, पण त्यांचा आवाज कापत होता.

तळ्याकाठी वहिनींचे यजमान हात जोडून, डोळे मिटून उभे! समोर नुसते बुडबुडे. मामा बुटांसकट पाण्यात शिरले आणि चिखलात चाचपडू लागले. "सापडेना रे देवा!" अखेर कासव हाताला लागलं. मान लोंबत होती. मामांनी त्याचं तोंड खाली करून धरलं, पाणी निथळलं, पण ते काही हलेना.

"मला वाटलं, कासव म्हणजे पाण्यातलंच," यजमान रडवेले झाले. मामा त्यांच्यावर ओरडले नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मी वनखात्याला आणि मग मामींना फोन केला. मामा कासव मांडीवर घेऊन झाडाखाली बसले. घड्याळ बघणं नाही, 'चला, चला' नाही. मामी रिक्षाने टॉवेल घेऊन आल्या, आणि नवऱ्याला इतकं स्वस्थ बसलेलं बघून घाबरल्याच. बऱ्याच वेळाने एक पाय हलला. मग मान किंचित वर आली, एक डोळा उघडला, आणि आमचे मामा सगळ्यांसमोर चक्क रडले.

वनखात्याची गाडी आली. "आमच्या आनेकलच्या माळावर सोडता काय?" मामांनी विचारून पाहिलं.

"आधी डॉक्टर बघतील, सर. मग ठरेल."

"सरी, बरं तर," म्हणून मामांनी कासव वनखात्याच्या माणसाच्या हाती दिलं. गाडी दिसेनाशी झाली तरी ते तिथेच बसून होते. मामींनी सवयीने घाईघाईत पिशवी उचलली, पदर खोचला. "चला, निघायचं ना?"

मामांनी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"थांब की," ते म्हणाले, "स्वल्प बसूया."