नखांची आतली बाजू

भाचीची हळद आटोपली आणि हात धुवायला मी बेसिनपाशी गेले. तिथे भावाची सून, मृणाल, आधीच उभी होती. नणंदेच्या लग्नासाठी तिने लांब, मोतिया रंगाची कृत्रिम नखं लावून घेतली होती. सकाळीच मी मनातल्या मनात नाक मुरडलं होतं, असल्या नखांनी ही काय काम करणार!

"आत्या, दोन मिनिटं हं," ती म्हणाली.

तिने तळवे स्वतःकडे वळवले आणि साबणाच्या फेसात बुडवलेला मऊ ब्रश एकेका नखाखालून अलगद फिरवू लागली. जोर लावला तर चिकटवलेली कड सुटते, म्हणून अगदी सावकाश. पिवळं पाणी वाहत राहिलं. मग टॉवेलच्या टोकाने तिने नखांखालचा ओलावा टिपला आणि बोटं उजेडात धरून पाहिली.

मी बघतच राहिले. घर आवरताना मी समोरचं तेवढं चकाचक करते. कपाटामागे काय आहे ते कपाटालाच ठाऊक. हिला मात्र कुणाला न दिसणारी बाजूही तितकीच लख्ख हवी होती.

"एवढं कोण बघतंय गं?" मी विचारलंच.

"बघत कुणीच नाही," ती हसली, "पण बाबांना भरवायचंय ना."

आजारपणानंतर माझ्या भावाचा उजवा हात उचलला जात नाही. बाहेर आले, तर मृणाल त्याच्या ताटातला वरणभात बोटांनी मऊसूत कालवत होती. तिने घास पुढे केला. भावाने तिच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. निर्धास्तपणे तोंड उघडलं.