एक्स-रेला लावलेला व्हर्नियर

माझी लेक नऊ वर्षांची असताना लगोरी खेळताना तिचा उजवा हात मोडला. ती पडली नव्हती, कुणी ढकललंही नव्हतं. चेंडू मारायला तिने हात मागे नेला आणि खांद्याखालचं हाड कटकन मोडलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पोरगी दूधच पीत नसंल." मी त्यांना दोन शब्द सुनावले आणि लेकीला घेऊन दवाखाना गाठला.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. ओतीव लोखंडाचे भाग येतात, ते मोजायचे, ठोकून बघायचे, आत पोकळी सापडली की लाल ठिपका देऊन बाजूला काढायचे. खाली मशीनवरची मुलं मला 'नापास मॅडम' म्हणतात आणि मला ते आवडतं. त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा मला लगेच दिसलं. खांद्याजवळ हाडात काळी पोकळी होती आणि तिच्या बाजूची भिंत अंड्याच्या टरफलासारखी पातळ झाली होती.

"कॅन्सर?" मी विचारलं.

"तसं दिसत नाही. एमआरआय काढून खात्री करू," डॉक्टर म्हणाले. एमआरआयनेही तेच सांगितलं. ती पाण्याने भरलेली साधी गाठ होती, वाढत्या मुलांच्या हाडात होते तशी. का होते, असं विचारल्यावर ते म्हणाले, "नक्की माहीत नाही. मलाही नाही, कुणालाच नाही." इतक्या सरळपणे 'माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मग खरवडून काढा आणि भरून टाका," मी म्हणाले.

"घाई नको, ताई. ही रेघ बघा. इथून हाड वाढतं आणि गाठ हिला खेटून आहे. आत्ता खरवडताना रेघेला धक्का लागला, तर हात आखूड राहू शकतो. मोडलेलं हाड गळ्यातल्या झोळीत जुळेल. मग दर तीन महिन्यांनी फोटो काढू."

थांबणं मला जमत नाही. हाड जुळलं, गाठ मात्र तशीच राहिली. हात पुन्हा मोडेल या धास्तीने मी दप्तर बंद केलं, झोका बंद केला, लगोरी तर बंदच. लेक पायरीवर बसून गल्लीतल्या लगोरीची पंच झाली आणि खेळणाऱ्यांपेक्षा जास्त भांडू लागली. रडली मात्र एकदाही नाही. तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मी वेगळंच काहीतरी करत होते. एक्स-रे खिडकीच्या काचेला चिकटवायचे, त्यावर माझा व्हर्नियर, कारखान्यातली बारीक मापाची सरकपट्टी, लावायचे आणि पोकळीची भिंत मोजून आकडे वहीत उतरवायचे. तिसऱ्या फोटोत भिंत आणखी पातळ भरली. मी वेळ न घेताच दवाखान्यात गेले आणि वही टेबलावर आपटली. "भिंत झिजतेय आणि तुम्ही थांबा म्हणताय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वहीचं पान न् पान वाचलं, मग आधीचा आणि हा फोटो शेजारी लावले. "या फोटोत तिचा हात जरा वळलाय. म्हणून भिंत पातळ दिसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुकडा सरळ धरला नाही तर माप चुकतं, हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी मी शिकवते.

"एक माप तुमच्याकडून राहिलंय," ते म्हणाले. "रेघेपासून गाठीपर्यंत मोजा."

मोजलं. पहिल्या फोटोत रेघ आणि गाठ चिकटलेली होती. आता मध्ये जवळजवळ सेंटिमीटरभर चांगलं हाड होतं. गाठ होती तिथेच होती, हाड वाढून पुढे गेलं होतं. त्या महिन्यांत माझ्या नजरेला एवढंच आलं होतं की तिचे फ्रॉक आखूड झालेत. हा माणूस हातावर हात ठेवून बसलाय असं मला वाटत होतं आणि तो या सेंटिमीटरची वाट बघत होता. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नाही. नवरा म्हणतो, लग्नानंतर एवढा मान त्यालाही मिळालेला नाही.

मग भूल देऊन त्यांनी सुईने गाठीतलं पिवळसर पाणी काढलं आणि आत औषध सोडलं. काही महिन्यांनी पुन्हा एकदा. काळ्या जागेत हळूहळू पांढुरकं हाड धरू लागलं. दर वेळी ते स्वतःच विचारायचे, "वही आणली का?"

शेवटच्या फोटोत एक कोपरा रिकामा होता. "म्हणजे अजून पास नाही," मी म्हणाले.

"खेळू द्या, ताई. तो कोपरा तिचं हाड सावकाश भरेल. मोडणारच नाही असं मी लिहून देणार नाही. तसं मी कुणाच्याच हाडाचं लिहून देत नाही."

त्याच संध्याकाळी गल्लीत लगोरी मांडली होती. चेंडू गडगडत लेकीच्या पायाशी आला. तिने तो उजव्या हातात घेतला आणि पायरीवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे तो रिकामा कोपरा होता.

"मार," मी म्हणाले.

तिने हात पार मागे नेला आणि मारला. नेम साफ चुकला, चेंडू शेजारच्या बाईंच्या तुळशीत गेला. ती तोच हात हलवत चेंडू आणायला पळाली आणि मी पायरीवर बसून सगळ्या गल्लीदेखत रडले.