खुर्चीखालची शेगडी

माझी मुलगी खुर्चीवरून घसरून जमिनीवर पडली आणि संगणकावरच्या बैठकीतल्या माणसांपैकी एकालाही ते कळलं नाही. ती माणसं बोलतच राहिली. वर कोट घातलेली, खाली पोटाला माझं जुनं लुगडं आवळून बांधलेली बाळंतीण पांढरीफटक होऊन पडली होती. पंधरवड्याची नात विहीणबाईंच्या मांडीवर होती. मी नातीच्या पायाला चिमटा काढला. ती रडली नाही.

"खिडकी उघडा!" मी ओरडले.

"अहो, बाळाला वारा लागेल," विहीणबाई म्हणाल्या. त्यांची जीभ जड झाली होती.

"मेल्यावर कुठला वारा लागतोय? उघडा!"

खिडकी उघडेना. ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातलं ते भाड्याचं लाकडी घर थंडीत कुडकुडायला लावायचं, म्हणून जावयानं सगळ्या फटी पट्ट्या चिकटवून बुजवल्या होत्या. हीटर कमी जाळायचा, हवेत धूर कमी सोडायचा, ही शिकवण मुलीचीच. तिची नोकरीच ती होती. पुढच्या तीसेक वर्षांत देशानं धूर किती कमी करायचा ते ठरलेलं होतं. कुठल्या सरकारी खात्यानं किती करायचा ते ठरत नव्हतं. या सगळ्यांना एका ओळीत उभं करणं तिचं काम. वाहतूकवाले म्हणत, आधी शेतीवाल्यांनी करावं. शेतीवाले म्हणत, आमच्या गाईंच्या ढेकरांचं गाईंनाच सांगा. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तर बैठकीत नुसता गोंधळ, म्हणून बिचारी घरूनच बैठकीला बसली होती.

बाळंतिणीला शेक नको? व्हायलाच हवा. लोखंडी घमेल्यात कोपऱ्यावरच्या डेअरीतले, म्हणजे इथल्या किराणा दुकानातले, बार्बेक्यूचे कोळसे मी पेटवले. त्यावर ओवा, वेखंड आणि लसणाची सालं विहीणबाईंनी टाकली. बैठक सोडून ती उठेना, म्हणून घमेलं तिच्या खुर्चीखाली सरकवलं, बाळही तिथंच उबेला आणलं आणि दार लोटलं. आमच्याकडे हेच करतात, पण आमच्या घरांच्या कौलांतून आभाळ दिसतं. माझं डोकं ठणकत होतं, ते मला इतका वेळ इंग्रजी ऐकून ठणकतंय असं वाटलं.

खिडकी उघडेना, तसं मी बाळाला उचललं, दार लाथेनं उघडलं आणि ओल्या हिरवळीवर जाऊन शेजारणीला हाक मारली. शेजारीण टोंगा बेटांवरची, दाराएवढी बाई. ती तशीच धावत आत शिरली, मुलीला खांद्यावर टाकून बाहेर आणलं आणि फोन लावला.

विहीणबाई मात्र आतच! त्यांना इंग्रजी येतं, म्हणून त्या संगणकासमोर उभ्या राहून सांगत होत्या, "माझी सून बेशुद्ध पडली आहे, कोणीतरी बंब बोलवा!" संगणकातून त्या माणसांनी विचारलं, तुम्ही कुठल्या खात्याच्या? मग त्यांच्यात चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, आम्ही राजधानीत, वेलिंग्टनमध्ये, घर ऑकलंडात, तेव्हा ते ऑकलंडच्या नगरपालिकेनं बघावं. दुसरा म्हणाला, आग आहे की धूर, ते आधी ठरू दे. विहीणबाईंनी मला हे नंतर सांगितलं. त्या वेळी मी बाळ शेजारणीच्या हातात देऊन परत आत गेले आणि त्यांना पदराला धरून ओढलं.

"अहो, ते बोलताहेत अजून," त्या म्हणाल्या.

"बोलू देत. तुम्ही चला."

बाहेर येताच त्या ओकल्या. बंब आला. एका उंच माणसानं "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार घालून हातातलं वायू मोजायचं यंत्र आत नेलं, ते किंचाळलं, तसा तो धावत बाहेर आला. मग नळकांड्यातून हवा घेत घमेलं लांब धरून त्यानं हिरवळीवर आणून ठेवलं. तोंडावरचं नळकांडं काढून वास घेतला आणि विचारलं, "गार्लिक?"

"आणि ओवा," मी म्हटलं.

दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडावर ऑक्सिजनच्या नळ्या लावल्या. नातीची नळी बाहुलीला लावतात तेवढी. तिथली परिचारिका नातीच्या तळव्याला बोटानं टिचक्या मारत होती. बऱ्याच वेळानं नातीनं वाकडं तोंड करून भोकाड पसरलं. त्याच आवाजानं तिच्या आईनं डोळे उघडले.

"तयार झाले का?" तिनं विचारलं.

"कोण गं?"

"वाहतूकवाले."

"आधी पोरीचं विचार, गाढवे!"

तिनं मान वळवून बाळाकडे बघितलं आणि रडायला लागली. जावई ईस्ट टामाकीच्या कारखान्यातून धावत आला. "आई, घरात कोळसे?" एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

बैठकीचं म्हणाल तर सगळ्या खात्यांचं त्या दिवशी प्रथमच एकमत झालं: पुढची बैठक कार्यालयात घ्यायची. धुराचं राहिलं.

त्या खोलीत आम्ही चौघी होतो. मुलगी, नात, विहीणबाई आणि मी. चौघीही जगलो.