मुळीचं नाव

माझे चुलते माण तालुक्यातल्या आमच्या गावी काविळीचं औषध द्यायचे. पलटणीतून पेन्शनीवर आले तेव्हापासून, दर रविवारी. लोक उपाशीपोटी येऊन ओट्यावर बसायचे. चुलते मुळी सहाणेवर उगाळून पाण्यातून पाजायचे. पैसा घ्यायचा नाही आणि मुळीचं नाव कुणाला सांगायचं नाही, हा दंडक. नाव फुटलं की गुण गेला. दुष्काळात रान करपलं, पण ओटा भरलेला असायचा. तेवढाच त्यांचा मान उरला होता.

मी बी.एस्सी. होऊन सांगलीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिकटलेलो. अंगात लय मस्ती! म्हटलं, हे औषध माणसाच्या पेशींना बाधतं का, बघूच. झाड हेरलं, मुळी चोरून आणली. माझंच रक्त काढलं, तांबड्या पेशी धुतल्या, अर्क घालून नळी कोमट पाण्यात ठेवली. पेशी शाबूत असल्या तर तळाशी बसतात, वरचं पाणी नितळ राहतं. तासाभरात ते लालभडक झालं. सगळ्या पेशी फुटल्या होत्या.

शनिवारी एसटीनं गाव गाठलं. रविवारी भरल्या ओट्यावर, सगळ्यांदेखत, मुळीच्या नावासकट कागद वाचून दाखवला. "आवं काका, हे विष हाय!"

चुलते चिडले नाहीत. सहाण धुऊन पालथी घातली. "जावा बाबांनो घरला," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या सरांनी माझी वही पाहिली. "अर्क कशात केलास?"

"डिस्टिल्ड वॉटरमध्ये, सर. सगळ्यात शुद्ध."

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, नुसतं शुद्ध पाणी घातलं तरी पेशी फुगून फुटतात! मिठाचं पाणी घ्यायचं. आणि ताडून बघायला बिनअर्काची नळी कुठाय?"

ती मी ठेवलीच नव्हती. मिठाच्या पाण्यात पुन्हा करून पाहिलं. वरचं पाणी नितळ राहिलं.

तसाच गावी पळालो. "काका, चूक माझी हुती. औषध द्या."

"नाव फोडलंस रं. आता ती नुसती मुळी हाय."

एका नितळ नळीनं औषध चांगलं ठरत नाही, हेही खरं. गुण होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. पण निकाल द्यायला मी कोण टिकोजीराव लागून गेलो होतो? स्वतःची लाज वाटते, अजून वाटते.

दोन वर्षांनी मलाच कावीळ झाली. चुलते सांगलीच्या दवाखान्यात आले, ग्लुकोजचा डबा घेऊन. उशाशी बसले. मी म्हणालो, "काका, तुमची मुळी द्या की."

त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला. "हे घे. ह्याच्यावर नाव छापलंय."